तुळशीरामची एकनळी

“काका, हिच्यात पिनच नाही,” कॉन्स्टेबल ईश्वरी म्हणाली.

तुळशीरामने वाकून टेबलावरच्या आपल्या बंदुकीत पाहिलं. निवडणूक लागली की परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची, हे तो वर्षानुवर्षं नेमाने करत आला होता. आजवर कुणी ती उघडली नव्हती. ‘चालू स्थितीत’ लिहायचं आणि शिक्का मारायचा. ही पोरगी नवीन होती. तिने उघडली.

“घोडा पडतो, पण काडतुसाला ठोकणारी पिन कुणीतरी काढून घेतलीय. बार उडणारच नाही.”

बंदूक अमेरिकेत बनलेली, एकनळी, एका वेळी एकच बार. तुळशीरामच्या बापाने ती भातात शिरणाऱ्या डुकरांसाठी घेतली होती. पुढे बंदरासाठी जासई गावची भातशेती गेली, तिथे कंटेनर आले, आणि कंटेनर खायला डुकरं येत नाहीत. आता नळीचा काळा रंग उडालाय, लाकडी दस्ता तांब्याच्या तारेने आवळलाय. तरी तिला एक काम उरलं होतं.

तुळशीराम आणि त्याचा धाकटा भाऊ दत्तू यांच्या घरांमध्ये चार फुटांची गल्ली आहे. ती दोघांनाही आपलीच वाटते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दत्तूने तिथे विटा उतरवल्या, तेव्हा तुळशीराम बंदूक घेऊन ओट्यावर आला होता. “भिंत घातलीस तर बार काढीन!” विटा परत गेल्या. गावात सगळ्यांनी बोटभर जागा न सोडता चार-चार मजले चढवले, पण या गल्लीला कुणी हात लावला नाही. तुळशीरामला त्याचा भारी अभिमान होता.

“ताई, चालूच लिवा ना,” तो म्हणाला.

“खोटं कसं लिहू, काका?”

तिने पावतीवर ‘निकामी’ लिहिलं. वळण चांगलं होतं तिचं, लांबूनही वाचता येत होतं.

रिक्षात तुळशीरामला पहिल्यांदा आपल्या भावाची भीती वाटली.

दत्तू ओट्यावर जवळा निवडत बसला होता. “झाली जमा?” त्याने विचारलं.

तुळशीराम खोटं बोलणार होता. पण गुडघे दुखत होते आणि त्याला सगळ्याचाच कंटाळा आला होता. त्याने पावती पुढे केली. “घे. घाल आता भिंत.”

दत्तूने ती सावकाश वाचली आणि परत दिली.

“आज समजला तुला? पिन मीच काढली. तू बंदूक दावलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी. वहिनी चुलीवर चा ठेवत होती तवा.”

तुळशीराम ओट्यावर त्याच्या शेजारी बसला. “मंग भिंत का नाय घातलीस?”

“घातली असती तर तू चाप वढला असतास, दादा,” दत्तू म्हणाला. “बार उडला नसता. पन तू वढलेला मला दिसला असता.”