वरातीचं हेलिकॉप्टर

इंजिनाचा आवाज एकदम थांबला. खाली धरमतरची खाडी होती, आणि नव्या नवरीच्या मांडीवर ओटीचा नारळ.

"घट्ट धरून बसा!" वैमानिक ओरडला. हेलिकॉप्टर खाली येत होतं, पण वरचं पातं अजून फिरत होतं. तेवढ्या जोरावर त्यानं ते काठापर्यंत ओढत नेलं. मिठागराच्या चिखलात ते आपटलं आणि एका कुशीवर कलंडलं.

नवरी, अमिषा, आधी बाहेर पडली. इंधनाचा उग्र वास सुटला होता. मोडलेला खांदा धरून वैमानिक "लांब पळा" म्हणत होता. पण नवरदेवाचा, अल्पेशचा, पट्टा अडकला होता. तो थिजून गेला होता, हातसुद्धा हलवत नव्हता. अमिषा गुडघाभर चिखल तुडवत परत आत शिरली. पट्टा सोडवला आणि शेरवानीच्या गळ्याला धरून नवऱ्याला बांधावर ओढून आणलं.

दवाखान्यातून दोघं मांडवा गावाजवळच्या अल्पेशच्या घरी पोचली तेव्हा दिवस मावळत होता. बँडवाले कधीच निघून गेले होते. उंबऱ्यावर माप ठेवलेलं होतं. पण आरतीचं ताट घेऊन कोकिळाआत्या, अल्पेशच्या वडिलांची बहीण, वाट अडवून उभी होती.

"पांढऱ्या पायाची हाय ही. उंबरा वलांडायच्या आधीच माझ्या भाच्याला खायला निघाली. माघारी धाडा हिला."

अमिषानं नवऱ्याकडे पाहिलं. अल्पेश जमिनीकडे बघत होता.

"मशीन बंद पडली, आत्या," अमिषा म्हणाली. "माझे पाय चालू होते. त्याच पायांनी ह्यांना आणायला मी परत आत गेले. आता माघारी जाणार न्हाय."

मागच्या पडवीतून अल्पेशची आई, सत्यवती, पुढे आली. विधवा झाल्यापासून ती कुठल्याच शुभकार्यात पुढे येत नसे. लेकाच्या हळदीलाही ती चुलीपाशीच बसून होती. तिनं आत्याच्या हातातलं ताट काढून घेतलं.

"वयनी, तू हात नको लावू!"

"माझा नवरा बोटीसंगं बुडाला, तवा माझ्या पायांना बी तू हेच बोललीस," सत्यवती म्हणाली. "तवा मी गप ऱ्हायले."

तिनं सुनेला ओवाळलं. वाळलेल्या चिखलानं कडक झालेली साडी सावरत अमिषा थबकली, कुठला पाय आधी टाकायचा म्हणून.

"कंचा बी टाक, गो," सत्यवती म्हणाली. "दोन्ही तुझेच हायत."