फुंकायच्या भोकाआधी

युझेनने बोरूच्या आतला पातळ पापुद्रा लसणाच्या रसाने नव्या बासरीच्या झंकारासाठीच्या भोकावर डकवला, तसा बाकावर आडवा झालेला तिचा नवरा देरेन खिदळला.

"अगं बाई! फुंकायचं भोक पाडायच्या आधीच पापुद्रा? आता फुंकणार कुठून, कपाळातून?"

"झोपा गुमान!" ती करवादली.

तो घोरू लागला आणि पापुद्रा थरथरायला लागला.

बांबूची दोन्ही टोकं गाठींनी बंद होती. एकुलतं एक भोक पापुद्र्याखाली झाकलेलं होतं. तिने खिडकी लावून घेतली. तरी पापुद्रा फुगत होता, पुन्हा आत ओढला जात होता, अगदी पाठीमागच्या घोरण्याच्या तालावर.

घाबरून तिने त्यावर अंगठा दाबला. घोरणं थांबलं.

तिने झटकन अंगठा उचलला. रस अजून ओलाच होता. पापुद्रा अंगठ्याला चिकटून सगळाच्या सगळा निघून आला.