फक्त रविवारी चाललेली गाडी

“मालक स्वतः चालवायचे, मॅडम. तेही फक्त रविवारी, फॅमिलीसोबत,” अंकित म्हणाला आणि पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवरून त्याने दोन बोटे फिरवली, सोनार दागिन्यावरून फिरवतो तशी. “बाकी सहा दिवस गाडी गॅरेजमध्ये. मीटर बघा ना. बेचाळीस हजार.”

रोशनीने मीटर पाहिले. तिच्या वडिलांनी, देवाजी गजभिये यांनीही पाहिले. मग ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले.

शोरूमच्या मागच्या आवारात ते उभे होते. पुढच्या काचेच्या हॉलमध्ये नव्या गाड्या विकल्या जात. आत्ताही तिथे एका गाडीवरची लाल साटीनची चादर ओढली गेली, केक कापला गेला, कुणीतरी पितळी घंटा वाजवली आणि कर्मचाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिवसातून सहा वेळा तीच चादर, तीच घंटा आणि तोच आनंद. जुन्या गाडीच्या गिऱ्हाइकाला बाजूच्या लोखंडी फाटकातून आत घेत. त्याच्यासाठी पत्र्याची शेड होती आणि कोमट पाण्याची कॅन. शिवाय अंकित होता.

रोशनी सीताबर्डीच्या एका बँकेत कामाला होती. ही तिची पहिली गाडी. पांढरी गाडी शोधली मात्र वडिलांनी. बसमधून जाताना त्यांना ती आवारात दिसली होती आणि आठवडाभर त्यांनी एकच धोशा लावला होता, “तेच गाडी पाहू.” का, ते सांगत नव्हते. आज येताना मेट्रोत तिने त्यांना हळूच बजावले होते, “बाबा, तिथं तुम्ही ड्रायव्हर होता हे सांगू नका. लोक मग भाव देत नाहीत.” देवाजींनी मान हलवली होती. बँकेतही तिने एवढेच सांगून ठेवले होते की बाबा कळमेश्वरला कंपनीत होते. त्यात खोटे काहीच नव्हते.

“आरसी बघता येईल?” तिने विचारले. इथे आल्यापासून ती अगदी पुस्तकातले मराठी बोलत होती.

“हेड ऑफिसला आहे, मॅडम. टोकनचे पैसे भरले की लगेच देतो.”

“मालकांचं नाव?”

“ते नाही सांगता येत, पॉलिसी आहे. पण फार मोठा माणूस. असा कस्टमर नागपुरात दुसरा नाही.”

अंकितच्या प्रत्येक गाडीमागे असा एक मोठा माणूस होता. शेजारची निळी एका डॉक्टरीणबाईंची होती आणि त्या फक्त देवळात जात. पलीकडची लाल एका कर्नलची होती आणि ती पावसात कधी भिजलीच नव्हती. ते ऐकत राहिले तर वाटावे, शहरात गाड्या कुणी चालवतच नाही.

देवाजी चालकाच्या सीटवर बसले. ते चांगलेच उंच होते, तरी सीट मागे घ्यावी लागली नाही. त्यांनी गाडी सुरू केली आणि मान तिरपी करून आवाज ऐकला.

“इंजन चांगलं हाय,” ते म्हणाले.

“असणारच ना, काका. ड्रायव्हरच्या हातची नाही ही,” अंकित खुलला. “ड्रायव्हर लोक कसे असतात, तुम्हाला माहीत नाही. डिझेल काढून विकतात, क्लच जाळतात, दुपारी सीट पाडून घोरतात. गाडी मालकाची, त्यांच्या बापाचं काय जातं? ड्रायव्हरच्या हातची गाडी मी तर फुकट दिली तरी घेणार नाही. काय मॅडम?”

रोशनी हसली. थोडेसेच, सभ्यपणे.

“खरं आहे,” ती म्हणाली.

देवाजींनी इंजिन बंद केले. ते खाली उतरले आणि त्यांनी बॉनेट उघडले. आत सगळे चकचकीत धुऊन काढले होते. पण फ्यूजच्या काळ्या डब्याचे झाकण आतून पुसायचे कुणाला सुचले नव्हते. देवाजींनी ते खटकन काढले, उलटे केले आणि लेकीच्या हातात दिले.

“हे वाच वं जरा. माहा चष्मा घरी राह्यला.”

झाकणाच्या आत पांढऱ्या शाईने बारीक ओळी लिहिल्या होत्या. आधी तारीख, पुढे किलोमीटर, पुढे ‘तेल बदलले’. पहिली ओळ अकरा वर्षांपूर्वीची होती. शेवटच्या ओळीत आकडा होता १,९३,६००. त्यातल्या नऊची शेपटी खाली लांब ओढलेली होती, पार खालच्या कडेपर्यंत.

ती शेपटी रोशनीने कितीदा पाहिली होती. नववीच्या तिच्या प्रत्येक वहीवर वडिलांनी ‘९ वी’ असा वर्ग घातला होता, त्या प्रत्येक नऊला अशीच शेपटी होती. कंपनीच्या साहेबांची गाडी रोज त्यांच्या बंगल्यावर लावून ते सायकलने घरी येत. ती गाडी घरच्या कुणी कधी पाहिली नव्हती.

तिने वर पाहिले. देवाजी काचेच्या हॉलकडे बघत उभे होते. त्यांच्या शर्टाच्या खिशातून चष्म्याची डबी अर्धी बाहेर आली होती.

“मेकॅनिकनं काहीतरी खरडलं असेल ते,” अंकितने झाकणासाठी हात पुढे केला. “तर मॅडम, टोकनचं कसं करता? संध्याकाळी एक डॉक्टरसाहेब येऊन राहिले याच गाडीसाठी.”

रोशनीने झाकण दिले नाही. ती बोलली तेव्हा आवाज चढला नव्हता, फक्त पुस्तकातले मराठी तेवढे गळून पडले होते.

“हे अक्षर माह्या बाबाचं हाय. ते ड्रायव्हर होते, अन् ही त्यायच्याच हातची गाडी हाय. तुमी मीटरवरून त्यायचे दीड लाख किलोमीटर पुसले. ते पयले परत लावा, मंग टोकनचं बोलू.”