राखीव सीडी

ब्रिस्टलजवळच्या आमच्या गावात ख्रिस्ती संगीताचं एक छोटं रेडिओ स्टेशन आहे. त्याचा वीस वर्षांचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलंय, आणि एक प्रसंग घालावा की गाळावा, हे काही केल्या ठरत नाही.

स्टेशनवर सलग तीस सेकंद शांतता झाली, तर यंत्र आपोआप राखीव सीडी लावतं आणि ती संपेपर्यंत वाजवतं. इतक्या वर्षांत ती वेळ कधी आलीच नव्हती. सीड्या सांभाळायचं काम माझं. म्हणून मी गुपचूप त्या जागी माझं स्वतःचं, पेटीवर म्हटलेलं साडेतीन मिनिटांचं मराठी भजन ठेवून दिलं होतं. आपलं गाणं रेडिओवर असावं, पण कुणी ऐकू नये, एवढीच इच्छा.

मग स्टेशन चालवणाऱ्या चर्चमध्ये जोन नावाच्या नव्या पाळकबाई आल्या. पहिल्याच रविवारी त्यांनी रेडिओवर एक मिनिटाची मौन प्रार्थना ठेवली.

एकतिसाव्या सेकंदाला स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, हा तर तुमचा आवाज!"

अख्खं भजन गावभर वाजलं. सोमवारी मी राजीनामा खिशात घालूनच गेलो. "माफ करा, चूक झाली. सीडी आत्ता बदलतो."

"सॅम, त्या सीडीला अजिबात हात लावायचा नाही," जोनबाई करड्या आवाजात म्हणाल्या.

आठवडाभर मला अन्न गोड लागलं नाही.


रविवारी त्यांनी माइकवर जाहीर केलं, "आजची मौन प्रार्थना बरोब्बर चार मिनिटांची असेल."