कृत्तिकांचा फोटो

अर्धांगाच्या झटक्यानंतर जोगदेवांचा हात थरथरू लागला. फोकस जुळेना, म्हणून त्यांची छोटी दुर्बीण कपाटात गेली. तिला आयुष्यभर सवत म्हणणाऱ्या प्रमिलाबाईंनीच एका संध्याकाळी ती गच्चीवर नेली.

“अहो, तुम्ही नुसतं सांगा, मी फिरवते.”

“हळूच डावीकडे. अजून थोडं. बस, थांब!”

दुर्बिणीला जोडलेला कॅमेरा कृत्तिकांचे फोटो एकामागून एक टिपत राहिला. दोघं एकाच शालीत बसून चहा प्यायले.

सकाळी जोगदेवांनी ते सगळे फोटो लॅपटॉपवर एकावर एक ठेवून त्यांचा एकच फोटो केला. ताऱ्यांभोवतीचं निळसर धुकं उमटलं. एवढं स्वच्छ त्यांना स्वतःला कधीच मिळालं नव्हतं.

“खाली तुझं नाव घालतो,” ते म्हणाले.

प्रमिलाबाई पडद्यावरून नजर न हटवता म्हणाल्या, “नावाचं राहू द्या. आज मृग कधी उगवतो, ते सांगा.”