भिंतीलगतची जागा

शांतवन साळवे कॅथलिक झाले. पंधराच मिनिटांसाठी, त्यामुळे तसं काही घडलंच नाही असं समजायचं.

बायको लुसिया कॅथलिक दफनभूमीत, भिंतीला लागून निजलेली. भिंतीपलीकडे यांची, प्रोटेस्टंटांची. तिच्याशेजारी जागा हवी तर पोपची सत्ता मान्य करा, अशी अट होती. साळव्यांनी सही ठोकली, पण अर्जातलं पोपचं ‘पवित्र पिता’ हे बिरुद खोडून वर ‘रोमचे बिशप’ लिहिलं.

“काका, दोन शब्दांसाठी अडून बसलात?” फादर कळवळले.

“पवित्र पिता एकच, तो स्वर्गात. तिलाही चाळीस वर्षं हेच सांगितलं.”

“मग काकू काय म्हणायच्या?”

“म्हणायची, मेल्यावर कळेल.”

फादरांनी अर्ज परत केला. साळव्यांनी तिथेच दुसरा लिहिला: ‘तरी मधली भिंत माझ्या अंत्यविधीपुरती चार फूट तुमच्या बाजूला सरकवावी व नंतर पूर्ववत करावी, ही नम्र विनंती.’