रशियन कॅमेऱ्याचं झाकण

कॅमेऱ्याच्या काचेत खिडकी दिसत नव्हती.

भावनाच्या ते लगेच ध्यानात आलं. बाजूच्या खिडकीतून एवढा उजेड येतोय, म्हणजे भिंगात तो चमकायला हवा. तिथं नुसतं काळं होतं. काळ्या भिंगावर काळं झाकण तसंच होतं, आणि तिची नणंद प्रणाली डोळा लावून फोटो काढत होती. खट्. खट्.

आज तिच्या लेकीचं, आचलचं उष्टावण. अकोल्याचं ते घर पाहुण्यांनी भरलेलं. मामा मांडीवर भाचीला घेऊन चांदीच्या वाटीतली खीर भरवत होता, भावना त्याला खेटून बसली होती. ‘झाकण काढ,’ एवढंच म्हणायचं होतं. ती मात्र आचलची हनुवटी पुसत राहिली.

आचलच्या आधी एक मुलगा होता. त्याच्या बारशाला घरातल्या प्रत्येकाने फोटो काढले होते. महिना उलटायच्या आत तो गेला. फोटोमुळे कुणी जात नाही, हे भावनाला कळत होतं, ती एम.एस्सी. झालेली होती. तरीही आचलचा एकही फोटो तिने आजवर काढू दिला नव्हता. कधी पोरगी झोपलीय, कधी अंगावर पुरळ आलंय, कधी उजेड कमी आहे. शेवटी परवा सासूबाईंनी, आशाबाईंनी, विषय काढलाच. “पोरीचा एक तरी फोटो पायजे का नाई घरात? उद्या मोठी झाली का विचारन, मी नवती का तवा?” सगळ्यांनी माना डोलावल्या. तिच्या नवऱ्याने, अमोलनेही. भावना भाजी निवडत राहिली.

तेव्हा प्रणाली म्हणाली होती, “फोटो मी काढीन. पण सगळ्यायनं मोबाईल आत ठेवा. मायावाल्या कॅमेऱ्याले मधात कोणाचा हात चालत नाही.”

प्रणाली अमरावतीला कॉलेजात शिकवायची. तिच्या मनातला जर्मन कॅमेरा एखाद्या मोटारगाडीच्या किमतीचा. म्हणून तिने त्याच घडणीचा जुना रशियन कॅमेरा घेतला होता, एका बंद पडलेल्या स्टुडिओतून. बघायची खिडकी वेगळी, भिंग वेगळं. खिडकीत एका माणसाचे दोन दिसतात. भिंग फिरवत ते एकावर एक आणले की माणूस नेमका सापडतो. भावनाने एकदा डोळा लावून पाहिलं होतं. त्यावर काढलेले मोझरीच्या आश्रमाचे फोटोही पाहिले होते. सकाळी तिथलं अंगण झाडणारी बाई, तिच्या खराट्यासमोर उडालेली धूळ, धुळीत अडकलेलं ऊन. महागड्या कॅमेऱ्याला यापेक्षा जास्त काय दिसलं असतं, असं तिला वाटून गेलं होतं.

या रशियन कॅमेऱ्याची खोड एकच. भिंगावर झाकण असलं तरी बघणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं. पहिलं अख्खं रीळ आपण असंच काळं काढलं, हे प्रणालीनेच हसत सांगितलं होतं.

आज पुन्हा तेच झालंय, भावनाला वाटलं.

“पोरी, हा डबा माया लग्नातल्या फोटोग्राफरनं फेकून देल्ला अशीन,” सासरे नत्थुजी म्हणाले. पाहुणे हसले.

“बाबा, तुमच्या लग्नातला फोटो अजून भिंतीवर आहे. मोबाईलमंधला मागच्या दिवाळीचा दाखवा बरं.”

“बरं बाई, हाच दाखव कसा आला तं,” आशाबाई पुढे झाल्या.

“ह्याले पडदा नाही, आई. रीळ धुतल्यावर दिसते.”

दुपारी पाहुणे पांगले. आतल्या खोलीत प्रणाली कॅमेरा पुसत बसली होती. भावना आचलला खांद्यावर घेऊन दारात उभी राहिली. सकाळपासून मनात ठेवलेलं तिने एकदाचं सांगून टाकलं.

“प्रणाली, झाकण तसंच होतं. पयल्या फोटोपासून. मले दिसून राहिलं होतं, पण मी बोलली नाही.”

प्रणालीचा हात थांबला नाही. “मीच लावलं होतं, वहिनी.”

भावना एकेक जुळवत गेली. सगळ्यांचे मोबाईल आत. कॅमेऱ्याला पडदा नाही. एवढी माणसं येऊन जेवून गेली, आणि आचलचा एकही फोटो कुणाकडे नव्हता.

“अन् घरच्यायले काय सांगशीन?”

“सांगीन, रीळ खराब निघालं. ह्या डब्याले तसेही सारे नावं ठेवतेत. अजून थोडे ठेवतीन.”

ती हे सहज बोलली. पण अंगठा कॅमेऱ्याच्या कडेवरून हळूच फिरत होता, त्याला ऐकू जाऊ नये म्हणून कुणी त्याचे कान झाकावेत तसा.

“पण कावून केलं एवढं?”

“सगळे हो म्हणाले,” प्रणाली म्हणाली. “तुमी कुठं म्हटलं होतं?”

आचलने आईच्या खांद्यावरचा पदर मुठीत धरून ओढला. लेकीच्या ओठाला खिरीचा वास होता. भावनाने तो नुसता घेतला, पुन्हा घेतला.

“रीळ वाया गेलं ना?”

“वाया कायचं जाते? उजेडच नाही पडला त्याच्यावर. मागं गुंडाळलं का पुन्हा पयल्यापासून लावता येते.”

“मंग लाव.”

प्रणालीने मान वर केली. वहिनीकडे एकदा नीट पाहिलं. मग तिने रीळ मागे गुंडाळलं, काढलं, पुन्हा बसवलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

भावनाने आचलला खिडकीच्या कट्ट्यावर बसवलं. एक हात तिच्या पाठीशी तसाच राहू दिला. दुसरा लांब करून तिने स्वतः झाकण काढलं.

काचेत खिडकी दिसली. खिडकीत आचल होती.